शेवंतीच्या पाठीवरचे चट्टे

"आधी हातमोजे! डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

देवेश ओरडला तशी गार्गीने पुढे केलेला हात झटकन मागे घेतला.

मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी, चाळीच्या मागच्या अंगाला असलेल्या पत्र्याच्या तबेल्यात शेवंती उभी होती. शिवदासमामाने ही पांढरीशुभ्र घोडी वरातींसाठी दसऱ्याच्या मुहूर्तावर विकत घेतली होती. दिवाळीच्या सुट्टीत गार्गी अंधेरीहून मामाकडे आली ती खरं तर तिच्यासाठीच. सातवीतल्या मुलीला फटाके आणि फराळ सोडून लीद उचलायला आवडते, हे तिच्या आईला अजूनही पटत नव्हतं.

पण शेवंतीच्या पाठीवर आणि दोन्ही कुशींवर गोल गोल चट्टे उठले होते. तिथले केस गळाले होते आणि कातडीला कोंडा धरला होता. "माणसांना गजकर्ण होतं ना, तसंच हे," जनावरांच्या डॉक्टर कुंदाताईंनी सांगितलं होतं. "बरं होतं. पण एकाचं दुसऱ्याला लागतं, माणसालाही!"

"औषध लगेच पुसायचं नाही. मुरू द्यायचं आणि मग अंग कोरडं करायचं," देवेशने पुढचा धडा वाचला. देवेश म्हणजे मामाचा मुलगा. आठवीत असल्यामुळे तो गार्गीला रोज काहीतरी शिकवायचाच.

"माहितीये रे! भाषण बंद कर आणि बाटली उघड."

भिंतीवर बसलेला धवल फिदीफिदी हसला. शेजारच्या खोलीतला हा पाचवीतला मुलगा घोड्यांना जाम घाबरायचा. तरी रोज हजर! आजही तो शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसला होता.

"तू का हसतोस? खाली ये आणि मदत कर!"

"मी इथूनच करतो ना मदत. ती लाथ मारणार असली की ओरडून सांगतो!"

गार्गीने स्पंजने औषध लावायला सुरुवात केली. शेवंतीची कातडी थरथरली, कान मागे गेले. गार्गी हळू आवाजात तिच्याशी बोलत राहिली, तेव्हा कुठे तिने मान खाली घातली. आता ती गार्गीच्या हातून गाजर खायची, तिचा आवाज ऐकून फुरफुरायची. पण एक गोष्ट अजून घडली नव्हती. शेवंती या तबेल्यात एकदाही आडवी झाली नव्हती.

"नव्या जागेत घोडा उभ्याउभ्याच झोपतो," मामाने सांगितलं होतं. "जागा आपली वाटली की मग बिनघोर आडवा होतो." म्हणून गार्गी रोज सकाळी शेवंतीच्या कुशीला गवत चिकटलंय का ते बघायची. अजून एक काडीही चिकटलेली दिसली नव्हती.

"पुरे झालं ते," मागून मामाचा आवाज आला. "उद्या टेम्पो येतोय. परत पाठवतोय तिला."

गार्गीच्या हातातला स्पंज खाली पडला. "परत? कुठे?"

"ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडे. तो वीटभट्टीवर देईन म्हणतो."

"वीटभट्टीवर? मामा, ती मरून जाईल तिथे!"

"गो बाय, माका काय आवडता काय ह्या?" मामाने मान वळवली. "पण आपल्या जुन्या घोड्याला, बादलला लागलं तर? तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू. दोन्ही घोडे आजारी पडले तर आपण खायचं काय?"

"पण डॉक्टर म्हणाल्या ना, बरं होतं म्हणून!"

"हे कुठून आलं ते शोधा, असंही म्हणाल्या. मी शोधलं! तिला बादली नवी, खरारा नवा, दोर नवा. बादलपासून लांब बांधली. आपल्याकडचं जुनं काही अंगाला लावलंच नाही. मग आलं कुठून? तीच घेऊन आली!"

मामा निघून गेला. शिवदासमामा वाईट माणूस नव्हता, पण त्याने एकदा डोक्यात घेतलं की संपलं.

अंगणात दिवाळीत बांधलेला मातीचा किल्ला अजून उभा होता. तिघंही त्याच्याजवळ येऊन बसली. धवल सारखा कॉलरमध्ये बोट घालून खाजवत होता.

"काय रे सारखं?" गार्गीने त्याचं वरचं बटण उघडलं आणि ती दचकलीच. मानेच्या कडेला लालसर गोल चट्टा होता.

"देवेश, हे बघ! हे तर शेवंतीसारखंच आहे!"

"वाट लागली! धवल, तू तिला हात लावलास?"

"मी? शप्पथ नाही! मी भिंतीवरून खाली तरी उतरतो का?" धवलचे डोळे भरून आले. "आईला सांगू नका ना. ती मला इकडे येऊच देणार नाही."

गार्गी विचारात पडली. धवलने घोडीला हात लावला नव्हता. मग ज्या वस्तूतून शेवंतीला हे लागलं, तीच वस्तू धवलच्या मानेला लागली असेल तर?

"धवल, तू गळ्याभोवती काही बांधलं होतंस का? आठव नीट!"

धवलने किल्ल्याकडे पाहिलं. "किल्ल्याच्या उद्घाटनाला मी राजा झालो होतो ना... तेव्हा देवेशने मला झूल पांघरली होती."

"ए, हळू बोल!" देवेशने घाबरून मागे पाहिलं. "बाबांना न विचारता काढली होती यार!"

ती झूल म्हणजे मामाचा जीव की प्राण. गिरणी बंद पडल्यावर देवेशच्या आजोबांनी पहिला घोडा घेतला, तेव्हा शिवून घेतलेली लाल मखमलीची, जरीच्या वेलबुट्टीची झूल. पाणी लागलं की जरीची तार काळी पडते, म्हणून ती कधीच धुतलेली नव्हती. मामा नुसती झटकायचा आणि ट्रंकेत ठेवायचा.

"पण शेवंतीला कुठे घातली होती ती झूल?" देवेशने विचारलं. "अजून एकही वरात झाली नाही तिची."

गार्गी ताडकन उठली आणि तिने फाटकाकडे बोट दाखवलं. तिथे मामाच्या वरातीच्या धंद्याचा नवाकोरा फलक लटकत होता. त्यावरच्या, दसऱ्याला काढलेल्या फोटोत शेवंती ऐटीत उभी होती, पाठीवर लाल झूल घालून! रोज त्याच्याखालून ये-जा करत होते सगळे, पण डोळे उघडे ठेवून कुणी बघितलं होतं?

"आणि तिचं तोंड, मान, पाय सगळं स्वच्छ आहे," गार्गी म्हणाली. "जिथे झूल, तिथेच चट्टे!"

"मग बादलला का नाही झालं?" म्हणता म्हणता देवेश थांबला. "थांब, थांब! मे महिन्यात आपल्या वराती संपल्यावर घाटकोपरच्या श्यामकांतकाकांनी झूल मागून नेली होती. ती परत आली आणि थेट ट्रंकेत गेली. बादलने त्यानंतर घातलीच नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळं प्रेमामामीला सांगितलं. मामीने शांतपणे ऐकून घेतलं. रात्री शेवंतीसमोर गूळ धरून उभी असलेली मामी गार्गीने पाहिली होती.

"जावा तुम्ही घाटकोपराक," ती म्हणाली. "पण फोन चालू ठेवा. माका पण ऐकू दे काय म्हणतंत ते."

श्यामकांतकाका त्यांच्या तबेल्यात चहा पीत बसले होते. गोलमटोल आणि बोलघेवडे. घाटकोपरला तेही वरातीचा घोडा भाड्याने द्यायचे. देवेशने मामीला फोन लावून तो तसाच खिशात ठेवला. सरळ विचारलं तर काका कानावर हात ठेवणार, हे गार्गीने ओळखलं होतं.

"काका, काय तुकतुकीत आहे हो तुमचा घोडा!" ती म्हणाली. "आमच्या घोडीला बघा, किती चट्टे उठलेत."

काका फुलले. "अगं, हा उन्हाळ्यात बघायला हवा होतास! पाठभर चट्टे होते. मी बरा केला, मी!"

"बापरे! मग वरातीत लोकांना दिसायचे नाहीत?"

"छे! शिवदासची झूल होती ना. एकदा घातली की सगळं झाकलं जा..." काका थबकले. कप तसाच हातात राहिला.

"परत करताना तुम्ही हे मामाला सांगितलंत का?"

"राहून गेलं गं. आणि मी आत्ता तसं काही म्हणालो नाही हां!"

"म्हणालात, भावजी!" देवेशच्या खिशातून प्रेमामामीचा आवाज आला. "मी ऐकलंय सगळं!"

तिघं धावतपळत मुलुंडला पोचली, तर टेम्पो फाटकात उभा होता! मामा शेवंतीला फळीवर चढवायला ओढत होता. तिचं अंग घामाने थबथबलं होतं, नाकपुड्या फुलल्या होत्या. मामी त्याची वाट अडवून बोलत होती.

"श्यामकांत काय, काहीही बडबडतो!" मामा गरजला. "एकदाच घातली होती ती झूल! माझ्या बाबांच्या झुलीला नावं ठेवू नका!"

गार्गी दोराला लोंबकळली. "मामा, ऐक ना! दोन मिनिटं ऐक!"

"बाजूला हो, गार्गी! लाथ बसेल!"

तेवढ्यात धवल पुढे आला. घोड्यापासून कायम लांब राहणारा धवल शेवंतीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. त्याने शर्टाची बटणं उघडली आणि मान वाकडी करून दाखवली.

"काका, मी शेवंतीला कधीच हात लावला नाही. सगळ्या चाळीला माहितीये," तो रडत म्हणाला. "मी फक्त झूल पांघरली होती."

"मीच काढून दिली होती, बाबा," देवेश खाली मान घालून म्हणाला.

मामाने त्या चट्ट्याकडे पाहिलं. मग शेवंतीच्या पाठीकडे पाहिलं. त्याच्या हातातला दोर सैल झाला.

त्याने तिथूनच डॉक्टर कुंदाताईंना फोन लावला. "अहो, झूल घातली होती हे मला का नाही सांगितलंत?" त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "जुनं कापड काही वापरलं का, हेच मी विचारत होते!"

"डॉक्टर, ती... ती मला कापड वाटलीच नाही कधी," मामा म्हणाला. "माझ्या बाबांची आहे ती."

टेम्पो रिकामाच परत गेला. देवेशला झूल चोरून काढल्याबद्दल ओरडा बसला नाही, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. धवलला त्याच्या आईने लगेच डॉक्टरांकडे नेऊन मलम आणलं. आणि तबेल्यावर बंदी? अजिबात घातली नाही!

झूल उकळत्या पाण्यात घालायची, नाहीतर जाळायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या दुपारी मामाने अंगणात चूल पेटवून मोठा टोप चढवला. झूल हातात घेऊन तो बराच वेळ बसला होता. त्याच्या जवळ जायची कुणाची हिंमत होईना. शेवटी गार्गी जाऊन त्याच्या शेजारी बसली.

"बाबा आधी घोड्याचं अंग पुसायचे, मग स्वतः जेवायचे," मामा म्हणाला. "झुलीपायी मी घोडी घालवत होतो. त्यांनी मला घरात घेतलं नसतं." आणि त्याने झूल पाण्यात सोडली. पाणी लाल झालं, जरीची तार काळी पडली. मामाने डोळे पुसले आणि काठीने ती पुन्हा खाली दाबली.

दोन-तीन दिवसांनी कुंदाताई आल्या. चट्टे सुकत चालले होते. "रोग मी ओळखला, पण तो आला कुठून हे तुम्ही शोधलंत," त्या मुलांना म्हणाल्या. "शाब्बास! अशी मदत मला नेहमी हवी." मामाने धवलच्या पाठीवर हात ठेवला. "आणि ह्यो आमचो सगळ्यात शूर!" धवल लाजून पुन्हा भिंतीवर चढला.

तुळशीचं लग्न झालं. बादल नुसत्या झेंडूच्या माळा घालून पहिल्या वरातीला जाऊन आला आणि कुणालाही काही कमी वाटलं नाही. शेवंती पूर्ण बरी होईपर्यंत एकही वरात करणार नाही, असं मामाने गिऱ्हाइकांना सांगून टाकलं.

सुट्टीच्या शेवटच्या दुपारी गार्गी पिशवी भरत होती. एवढ्यात भिंतीवरून धवलची किंकाळी आली.

"गार्गी! लवकर ये! शेवंती पडली!"

गार्गी अनवाणीच धावली. मागून देवेश, त्याच्यामागून मामा. तबेल्याच्या दारात पोचताच मामाने तिला हाताने अडवलं. उन्हाच्या पट्ट्यात, गवतावर, शेवंती पाय पसरून आडवी झाली होती. तिचं पोट संथपणे वरखाली होत होतं.

"पडली नाही रे," मामा अगदी हळू आवाजात म्हणाला. "झोपलीय ती."