आण्णाप्पाचं मागचं दार

कंदील जरा बारीक करा रे. तेल उगीच जळतंय, आणि गोष्ट ऐकायला उजेड लागत नाही. शामू, हसतोस काय? आधी ऐक, मग हस. तीस वर्षं शाळेत "भूतबीत काही नसतं" असं पोरांना सांगत आलेला माणूस आहे मी. तरी ही गोष्ट सांगतो. आपल्या उचगावच्या रवळूची, गेल्याच सालची. सेहेचाळीसचा सप्टेंबर, चोवीस तारीख, मंगळवार. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री.

रवळूचा बाप यल्लाप्पा पहिल्या लढाईच्या वेळी मुंबईला गेला आणि बोटीवर आगवाला झाला. आगवाला म्हणजे खाली बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून फावड्यानं कोळसा घालणारा. बोटही साधी नव्हती. बसकी, रुंद, भल्यामोठ्या तोफांची. समुद्रात लांब उभी राहायची आणि तिथून किनाऱ्यावरची ठाणी जमीनदोस्त करायची. पंधरा साली सरकारी कागद आला, यल्लाप्पा गेला. कसा गेला, कुठल्या दिवशी, एक अक्षर नाही. रवळू तेव्हा पाळण्यात.

तिथी ठाऊक नाही म्हणून भाऊबंद दर वर्षी सर्वपित्रीला यल्लाप्पाचं पान वाढायचे. पण त्याची बायको शालूबाई कपाळाचं कुंकू पुसायला तयार नव्हती. म्हणायची, "मेल्यालं बघितलेला माणूस आणा माझ्याम्होरं. त्यानं सांगू दे. मग पुशीन."

एकतीस वर्षं त्या बाईनं अशी काढली. गेल्या साली ती खंगायला लागली, जेवण तुटलं, रात्रीची झोप गेली. रवळूला वाटलं, आईला खरं काय ते कळल्याशिवाय ती सुखानं डोळे मिटायची नाही. मुंबईच्या खलाशांच्या कचेरीला मीच त्याला इंग्रजीत अर्ज लिहून दिले. दोन गिळले त्यांनी. तिसऱ्याला उत्तर आलं. त्या बोटीवरच्या आगवाल्यांची यादी, निम्म्या नावांपुढे 'मयत'. जगलेल्यांत एकच नाव आपल्या भागातलं होतं. आण्णाप्पा, मुक्काम निपाणी.

मंगळवारी सकाळी रवळू निघाला. कोळशाच्या गॅसवरची मोटार, दर चढाला धापा टाकणारी. निपाणीत उतरला तेव्हा सूर्य कलला होता. तंबाखूच्या वखारींच्या मागं, गल्लीच्या टोकाला घर सापडलं. पुढच्या चौकटीला फळ्याच नाहीत, नुसतं गोणपाट लावलेलं. गरिबी असेल, असं रवळूला वाटलं. म्हातारा आपल्या भागातलं माणूस म्हणून खुश झाला. "बस, च्या घेऊन येतो," म्हणाला आणि समोरच्या हॉटेलात गेला. कुणाचा कोण, हे विचारायचंही राहिलं.

दिवेलागण झाली होती. रवळूनं कोनाड्यातली चिमणी लावली. मागं बघतो तर परसातलं दार सताड उघडं. घरमालकानं नवंच बसवलेलं पत्र्याचं दार, आणि म्हाताऱ्यानं ते काथ्यानं खुंटीला बांधून ठेवलेलं. आता दिवे लागताना आपण काय करतो? पुढचं दार उघडं, मागचं बंद. लक्ष्मी पुढून येते, ती मागून जाऊ नये. आईनं लावलेलं वळण. रवळूनं काथ्या सोडला, दार लोटलं आणि कडी घातली. पाहुण्यानं चांगल्या मनानंच केलं ते.

चहा पिता पिता त्यानं बापाचं नाव सांगितलं. आण्णाप्पानं तोंडाशी नेलेली बशी खाली ठेवली.

"यल्लाप्पाचा ल्योक तू?"

"व्हय, आण्णा. आप्पा कसा गेला, तेवढं सांगा. आई वाट बघत्या."

म्हाताऱ्यानं आधी गोणपाटाबाहेर गल्लीत नजर टाकली. मग बोलायला लागला.

"किनाऱ्यावनं गोळा आला. बोटीला भगदाड पडलं. खाली पाणी शिरलं. मी तवा वरच्या शिडीवर हुतो. सायबानं हुकूम सोडला, लोखंडी दार लाव, न्हायतर सगळी बोट जाईल. आत सा जणं हुती... यल्लाप्पा बी."

"मग?"

"लावलं. मी लावलं, पोरा. ह्या हातानं. ती आतनं फावड्यानं दार ठोकत हुती. निम्मी रात्र ठोकत हुती. बोट वाचली. आमी वाचलो..."

चिमणी फडफडली. वारा नव्हता.

ठण्.

मागं पत्रा वाजला.

ठण्. ठण्.

आण्णाप्पाचं तोंड उघडंच राहिलं. "मागलं दार... तू लावलंस?"

"दिवं लागायची येळ हुती, आण्णा..."

"एकतीस वर्सं मी दार लावलं न्हाय रं! कुटल्या बी घराचं न्हाय!"

ठण्. ठण्. ठण्. हळू, दमलेलं. खालच्या बाजूला. कुणीतरी गुडघ्यावर बसून ठोकावं, तसं.

रवळू दारापाशी गेला. पत्र्याला हात लावला. पत्रा तापला होता.

"आप्पा...?"

आवाज थांबला.

मग पलीकडून, अगदी फटीजवळून...

"उगड... लई तापलंय रं... उगड..."

रवळूचा हात कडीवर गेला. नुसती कडी काढायची होती. ज्या बापाचं तोंड त्यानं कधी पाहिलं नव्हतं, तो हातभर अंतरावर होता.

हात हलेना.

"उगडू नगं!" मागून म्हातारा किंचाळला. "पाणी येतंय! समदी मरतील!"

आणि रवळूनं... रवळूनं दाराला पाठ लावली. पाय जमिनीत रोवले. डोळे मिटले. पाठीमागं ठण्... ठण्... मग लांबून एकदा... मग नाही.

ठोकणं थांबलं तेव्हा पहाटे तीनचा सुमार असावा. मला हे सांगताना तो खाली मान घालून बसला होता. "गुरुजी, मी बी लावूनच धरलं," एवढंच म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर मीही उघडलं नसतं. तुम्हीही नाही. उगीच मिशीला पीळ देऊ नका.

उजाडल्यावर दोघांनी दार उघडलं. परस कोरडं ठणठणीत. कुणाची चाहूल नाही, काही नाही. रवळू पहिल्या मोटारीनं परत फिरला. आईला काय सांगायचं, वाटभर जुळवत आला.

त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. म्हणून त्या रात्री शालूबाईला सोबत म्हणून मी त्यांच्या कट्ट्यावर झोपलो होतो. दाराला उशी लावून. मला काही ऐकू आलं नाही, हे शपथेवर सांगतो.

रवळू दुपारी आला. आम्ही दोघं आत गेलो. शालूबाई चुलीपाशी बसली होती. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं. कपाळावर ताजं कुंकू, रुपयाएवढं. ताटात दोन माणसांचं वाढलेलं.

रवळू म्हणाला, "आये, मी निपाणीला..."

तिनं ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोल. राती दार वाजलं, मी उगडलं. लई दमल्यात. आत निजल्यात."

आतल्या खोलीत कुणी नव्हतं. पण उंबऱ्यापासून तिथपर्यंत सारवलेल्या जमिनीवर पांढरी पावलं उठली होती, पाणी वाळून उठतात तशी. मी वाकलो, बोट लावलं, जिभेवर ठेवलं. मीठ.

सगळी पावलं आत जाणारी. बाहेर येणारं एकही नव्हतं.