धुतलेलं इंजिन

माणूस समोर आला की माझं लक्ष आधी त्याच्या दातांकडे जातं. त्याला माझा इलाज नाही. दहा वर्षं झाली, मी एका लॅबमध्ये दाताच्या कॅप आणि कवळ्या बनवते. डॉक्टर मापं पाठवतात, आम्ही दात घडवून परत धाडतो. पेशंट आमच्याकडे कधी येत नाही. त्यामुळे त्या मंगळवारी दुपारी बस ड्रायव्हरच्या गणवेशातला एक माणूस काचेच्या दारातून आत आला, तेव्हा मी मान वर न करताच म्हटलं, "दवाखाना पलीकडच्या दारात."

"दात नाही दुखत माझा," तो म्हणाला. "तुमची जुनी हत्यारं हवी होती… म्हणजे, टाकून देणार असाल तर."

आता मात्र मी पाहिलं. पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला, बाकी सगळे ओळीत. हसताना तो चढलेला दात आधी दिसायचा. एरवी असा दात दिसला की माझे हात तो सरळ करायला शिवशिवतात. या वेळी नाही शिवशिवले.

"कशाला हवीत? कुठे घर फोडायचंय?"

"खिडक्या कोरायच्यात. एवढ्या—" त्याने करंगळीचं नख पुढे केलं. "रेल्वेच्या डब्याच्या. मी घरी छोटी रेल्वे बांधतो. रूळ, स्टेशन, पूल, सगळं."

"बस चालवता, आणि जीव रेल्वेवर?"

"बसला माहितीय ते. समजूतदार आहे, काही बोलत नाही."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. पहिल्याच भेटीत दात दाखवू नयेत, एवढं मला कळतं. टाकाऊ हत्यारांचा खण उघडला आणि तसाच बंद केला. बोथट कोरणी मी शत्रूलाही देत नाही. तिला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की हात सटकतो. माझ्या स्वतःच्या संचातली मेण कोरायची कोरणी काढून त्याच्यापुढे धरली. "चार दिवसांनी परत हवी."

त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. मग अंगठ्याच्या नखावर तिचं टोक हलकेच टेकवलं. धार चांगली असली की टोक नखावर अडतं, नसली तर घसरतं. हे ज्याला ठाऊक असतं त्याला काही सांगावं लागत नाही. टोक अडलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगबगीने कुणाच्या तरी दाढेवर वाकले.

चौथ्या दिवशी कोरणी परत आली ती धार लावून. माझ्या हत्यारांना कुणी हात लावलेला मला खपत नाही, हे अख्ख्या लॅबला माहीत आहे. मी रागावणारच होते. पण मेणावर एकदा ओढून पाहिली आणि साल निघावं तसं मेण अलगद सुटून आलं. मग कसलं रागावते!

त्याची बस कोपऱ्यावरच्या थांब्यावर पंचवीस मिनिटं उभी राहायची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यातली वीस मिनिटं तो आमच्या काउंटरपाशी काढू लागला. एकदा त्याने आपली कापडी गुंडाळी उलगडून दाखवली. त्यात तीन चिमटे, दोन बारीक कानशी आणि केसासारखं पातं असलेली करवत होती. शेवटच्या कप्प्यात ब्रश होते, प्रत्येकाला टोपण, प्रत्येकाचं टोक धुऊन, ओठांनी आकार दिल्यासारखं निमुळतं. कुठलंही हत्यार स्वस्तातलं नव्हतं, आणि एकही नवं नव्हतं. इतकी निगा राखलेले ब्रश मी माझ्या ड्रॉवरशिवाय कुठे पाहिले नव्हते. त्या दिवशी मला तो आवडला. उगाच आडवळणं कशाला घेऊ?

"हल्ली मंगळवार-शुक्रवार वेणी फार नीट असते," आई म्हणाली.

"मेणात केस पडतात, आई."

"मग दहा वर्षं काय टकली होतीस?"

पुढच्या महिन्यात त्याने एक डबी आणली. आत कापसावर इंजिनाचं पितळी कवच होतं, तळहाताएवढं, काळं, कळकट. समोरचा दिवा तुटून हरवला होता.

"असा दिवा कुठे मिळत नाही," तो म्हणाला. "तुम्ही धातूचे दात ओतता, तर… तांदळाच्या दाण्याएवढा दिवा ओतता येईल का?"

"कधी हवाय?"

"शुक्रवारी मिळाला तरी चालेल. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रदर्शन आहे." मग जरा थांबून म्हणाला, "मुख्य गटात पहिली येणारी मांडणी वर्षभर खऱ्या स्टेशनच्या मोठ्या दालनात काचेत ठेवतात. सात वर्षं जातोय मी. दोनदा दुसरा आलो. या वर्षी वाटतंय… होईल."

हे सांगताना त्याचे डोळे असे चमकले की मी मनाशी ठरवलं, दिवा असा करायचा की परीक्षकांनी बघत राहावं.

तसा केलाही. भिंगाखाली मेणात कोरला, ओतला, घासला, जागेवर बसवला. आणि मग जित्याची खोड! आमच्या लॅबमधून कुठलीही वस्तू बाहेर जाताना अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुतली जाते. कोमट पाण्यात बारीक कंपनं सोडायची, पाच मिनिटांत सांदीकोपऱ्यातला मळ निघतो. इंजिन किती मळलंय बिचारं, असं म्हणून मी पाच मिनिटं लावली. मनात आलं, एवढ्या प्रेमाने आणलंय, आणखी पाच लावू. वर मऊ फडक्याने पुसून चकाचक केलं.

शुक्रवारी डबी त्याच्या हातात देताना माझा आनंद माझ्यातच मावत नव्हता. त्याने झाकण उघडलं. बराच वेळ बघत राहिला.

"छान… चमकतंय," तो म्हणाला.

"आवडलं नाही?"

"दिवा फार सुंदर झालाय. खरंच." एवढं बोलून तो निघाला. विसातली चारच मिनिटं झाली होती.

मंगळवारी आला नाही. शुक्रवारीही नाही. मी वेणी घालायची सोडून दिली.

"उचलली जीभ लावली टाळ्याला, असं काही बोलली नाहीस ना?" आईने विचारलं.

"काही नाही बोलले. उलट त्याचं इंजिन धुऊन दिलं."

"मग जाऊन विचार. इथे दातओठ खाऊन काय होणार?"

शनिवारी दुपारी मी सरळ त्याच्या बसमध्ये चढले. बारीक भुरभुर होती, काच पुसणारा दांडा कुरकुरत होता. 'चालकाशी बोलू नये' या पाटीच्या अगदी खाली मी बसून राहिले, आणि तो वरच्या आरशात तीनदा माझ्याकडे बघून तीनदा समोर बघू लागला. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली.

"काय चुकलं माझं?"

"काही नाही."

"मी दातांतली माणूस आहे. कोण ओठ मिटून हसतंय ते मला कळतं."

त्याने इंजिन बंद केलं. बसचं. "संध्याकाळी घरी याल? दाखवल्याशिवाय… सांगता नाही येणार मला."

त्याचं घर म्हणजे भावाच्या घराचा वरचा मजला. वहिनींनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जिन्याकडे बोट दाखवलं. "जा वर. त्यांच्या स्टेशनात चहा मिळत नाही, तो मी घेऊन येते."

वर चारही भिंतींना लागून कमरेएवढ्या उंचीवर, जोडलेल्या सुट्या फळ्यांवर, एक गाव पसरलेलं होतं. मी दारातच थबकले. डोंगर, बोगदा, फलाट, फलाटावर बाकं, बाकावर पेपर वाचणारा माणूस, आणि पेपरला घडीची रेघसुद्धा. बोगद्याचं तोंड धुराने काळवंडलेलं. रुळांमध्ये तेलाचे ओघळ. मालगाडीच्या डब्यांवर रिव्हेटच्या खाली गंज उतरलेला, दारांवर खडूच्या खुणा. त्या गावात पाऊस पडून गेला होता, माणसं राबत होती, वर्षं सरली होती. इतकं सुंदर काम मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आणि फलाटाशी माझं इंजिन उभं होतं. चुकून भलत्याच लग्नात शिरलेल्या नवरदेवासारखं, नटलेलं आणि एकटं.

"हा गंज…" मी एका डब्याकडे बोट दाखवलं. "हा तुम्ही लावलाय?"

"रंगवलाय. आधी रंग, मग पातळ थर, मग रंगाची पूड."

"आणि इंजिनावरचा तो मळ?"

"तीन महिने," तो म्हणाला. किती वाजले ते सांगावं, तसं.

मी तिथल्या स्टुलावर बसले. त्याची सात वर्षांची वाट मी दहा मिनिटांत धुऊन टाकली होती, आणि वर फडक्याने पुसलीही होती. "मला शिव्या का नाही दिल्यात?"

"तुम्ही इतक्या आनंदाने डबी हातात दिलीत… मला काही बोलताच येईना. जाऊ दे. आठ दिवसांत काही होणार नाही. पुढच्या वर्षी बघू."

"मी रंगवते."

"गंज?"

"दात पांढरा असतो असं वाटतं का तुम्हाला? मुळाशी पिवळट, टोकाला निळसर, मध्ये चहाचे डाग. साठीच्या माणसाच्या तोंडात पांढरीफेक कॅप बसवली तर तो हसणं सोडून देईल. नवी वस्तू जुन्यात मिसळून जावी म्हणून रंगवणं, हेच तर माझं पोट. तुम्ही फक्त सांगा, धूर कुठे बसतो आणि पाणी कुठून ओघळतं."

त्याने ब्रशांची गुंडाळी उलगडून माझ्यापुढे ठेवली. स्वतःचा ब्रश दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

मग रोज लॅब सुटली की मी त्या गावात जायची. तो शेजारी बसून सांगायचा. वाफ इथून सुटते, इथे पांढरट डाग येतो. ड्रायव्हर इथे पाय देऊन चढतो, तिथला रंग झिजतो. मी सर्वांत बारीक ब्रश घेऊन थर चढवायची. टोक टेकताना मी श्वास रोखायची, आणि कुठून कोण जाणे, शेजारचा श्वासही थांबायचा.

"तुम्ही कशाला श्वास धरताय?"

"पूड उडेल."

"इतक्या लांबून?"

"लांब आहे का मी?"

नव्हता. कान गरम झाले माझे, पण रेघ हलली नाही.

"थांब," तो एकदा घाईने म्हणाला, "तिथे तेल गळतं… म्हणजे, थांबा."

"थांब चालेल," मी म्हटलं. नंतर कुणी कुणाला अहो-जाहो केलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी इंजिन रुळावर ठेवलं. तो खाली वाकून, डोळे फलाटाच्या पातळीला आणून बघत राहिला. "माझ्या हातून हे असं झालं नसतं," तो म्हणाला. "माझं होतं त्यापेक्षा पुष्कळ चांगलं झालंय."

"आता नोंदणीत काही बोलू नकोस हं," मी म्हटलं. मुख्य गटाचा नियम वहिनींकडून मला कळला होता: सगळं काम एकट्याचं हवं. "ओतलेला दिवा विकतच्या भागासारखा धरतात. रंगाचं कोण विचारणार? तुझंच आहे म्हण." त्याने इंजिन उचलून डबीतल्या कापसावर ठेवलं.

शनिवारी सकाळी प्रदर्शनाच्या सभागृहात नोंदणीची रांग होती. टेबलामागे चष्मा नाकावर घसरलेल्या एक बाई होत्या.

"बांधणी?"

"माझी."

"रंगकाम?"

"गाव, गाडी माझी. इंजिन हिचं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सात वर्षं येताय, नियम माहितीय ना? दोघांचं काम जोडीच्या गटात जातं. तिथे नुसतं प्रशस्तिपत्र मिळतं. दालन नाही."

"माहितीय."

मी त्याची बाही ओढली. "वेडा आहेस का तू? सात वर्षं—"

"मी दालनात रोज जाणार, रोज त्या काचेसमोर उभा राहणार," तो हळूच म्हणाला. "तुझं काम माझं म्हणून सांगितलं, तर मान वर करून बघता येईल का मला?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या माणसांत, रांगेत उभं राहून, मला या माणसाचा भयंकर अभिमान वाटला.

बाईंनी दुसरा कागद ओढला. "नातं?"

"काय?" आम्ही दोघं.

"जोडीच्या गटात नातं लिहावं लागतं. मागे दोन मित्र प्रशस्तिपत्र कुणाच्या घरी राहणार यावरून वर्षभर भांडले. बाप-लेक, भाऊ-भाऊ, नवरा-बायको… काय लिहू?"

तो कानापर्यंत लाल झाला. मागे खांद्यावर पूल घेऊन उभा असलेला माणूस खाकरला.

"लिहा…" तो म्हणाला, "लग्न ठरायचंय."

"कुणाकडून ठरायचंय?"

"हिच्याकडून. माझं केव्हाच ठरलंय."

बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघू लागल्या. पूलवाला बघू लागला. तो मात्र टेबलाच्या कडेकडे बघत होता, आणि डबी धरलेली त्याची बोटं पांढरी पडली होती.

"ठरलंय म्हणून लिहा," मी म्हटलं.

त्याने वर पाहिलं, आणि तो चढलेला दात आधी हसला.

बाईंनी रकाना भरला आणि शिक्का मारला. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "प्रशस्तिपत्र एकाच घरात राहील. चला, पुढचे या."