अनुनादाची खूण

मिरजेच्या कर्णबधिर शाळेत मुजावर सर आठवीच्या वर्गावर सतार घेऊन आले, तेव्हा मुलं एकमेकांकडे बघून हसू लागली. आता सर आपल्यापुढे मैफल करणार की काय?

फळ्याशेजारी प्रकाशरेषांनी साकारलेली एक बाई उभी होती. तिचं नाव ‘हस्तवाणी’. सर बोलले की ती ते खुणांच्या भाषेत सांगायची. मुलांच्या खुणा वाचून मराठीत बोलून दाखवायची. राज्यभरातले शिक्षक आपले पाठ, प्रयोग, चित्रं ‘शिक्षकसेतू’ या सामायिक भांडारात ठेवत. तिथूनच ती शिकत होती. ती आल्यापासून सरांचा विज्ञानाचा तास मुलांना संपूच नये असं वाटे.

“आज अनुनाद,” सर म्हणाले.

हस्तवाणी क्षणभर थबकली. मग तिने कानाला बोट लावलं, पुन्हा लावलं. ‘अनुनाद’ला आजवर खूणच नव्हती, म्हणून यंत्राने स्वतः घडवलेली ही नवी खूण होती. शाळा सुटेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही, तर ती सगळीकडे कायम होणार होती.

सतारीच्या मुख्य तारांखाली बारीक तारांची एक रांग असते. सरांनी त्या तारांवर कागदाच्या चिमुकल्या घड्या बसवल्या आणि वरची एक तार छेडली. खालच्या एकाच तारेवरची घडी टुणकन उडाली. बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत.

सगळा वर्ग सतारीभोवती गोळा झाला.

“हिला तर कुणी हातच लावला नाही!” तौफिकने खुणेने सांगितलं.

“दोघींची थरथरण्याची गती सारखी आहे. तिला वारंवारता म्हणतात,” सर म्हणाले. “एक थरथरली की दुसरीला जाग येते. बाकीच्यांना नाही. हाच अनुनाद.”

रेवती कोष्टी कधी पुढे यायची नाही. आज ती गर्दीतून वाट काढत आली. तिने खालच्या तारेवर अलगद बोट टेकवलं आणि सरांना वरची तार पुन्हा छेडायला लावली. बोटाला थरथर जाणवली आणि तिचा चेहरा उजळला. मग हस्तवाणीकडे वळून तिने भराभर हात हलवले.

“तुझी खूण चुकलीय,” हस्तवाणीच्या आवाजात तिचं बोलणं उमटलं. “तारेला कुठे कान असतो?”

“मग तू कशी करशील?” सरांनी विचारलं.

रेवतीने उजव्या हाताची बोटं छातीपाशी थरथरवली. डावा हात दूर, हवेत स्तब्ध होता. हळूहळू त्याचीही बोटं आपसूक थरथरू लागली.

मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले. ही त्यांची टाळी.

“सेतूवर पाठवू?” सरांनी विचारलं.

रेवतीचे हात अडखळले. “लोक हसतील.”

“हसू देत. नाही पाठवलीस, तर उद्यापासून सगळी पोरं कानाला बोट लावतील.”

तिने एकदा तारेकडे पाहिलं आणि मान डोलावली.

थोड्याच वेळात फळ्यावर सेतूवरून एक चौकट उघडली. रत्नागिरीच्या कर्णबधिर शाळेतली मुलं रेवतीसारखीच बोटं थरथरवत होती. मग अकोल्याची. मग जालन्याची, दोन्ही हात वर करून हलवणारी! चौकटीमागून चौकटी उघडत गेल्या. शेवटी हस्तवाणीने स्वतःची खूण पुसली आणि तिचीही प्रकाशाची बोटं थरथरली.

“खूण स्वीकारली. घडवणारी: रेवती कोष्टी, मिरज.”

रेवती बाकावर चढून नाचायला लागली. तिला खाली उतर म्हणायचं सोडून सरच हात वर करून हलवत राहिले.

एरवी काही विचारायचं असलं की हस्तवाणी सरांकडे वळायची. आज ती रेवतीसमोर येऊन थांबली.

“माझ्या अनेक खुणा ऐकू येणाऱ्यांच्या शब्दांवरून बनल्या आहेत. त्या तपासून देशील? पहिला शब्द ‘शांतता’. त्यासाठी मी दोन्ही कान झाकते.”

रेवती विचारात पडली. मग सरांकडे वळून तिने सावकाश हात हलवले.

“सर, तुम्हाला ऐकू येतं. मग तुम्हीच सांगा, शांतता म्हणजे नक्की काय?”

मुजावर सरांनी सतारीची तार छेडली, तळवा टेकवून तिची थरथर थांबवली आणि रेवतीकडे पाहिलं. शांतता जास्त ठाऊक कुणाला, त्यांना की तिला?