पांढरीची माती

दोन यंत्रांपैकी एक परत करायचे होते.

आमच्या लातूरच्या घरात फरशी झाडणारी दोन स्वयंचलित यंत्रे एकाच आठवड्यात आली. काळे यंत्र मुलाने, आलोकने, पुण्याहून पाठवले. राखी रंगाचे मुलगी मृण्मयी नांदेडहून स्वतः गाडीत घालून घेऊन आली. भावंडांनी एकमेकांना विचारले नव्हते. दोन्ही यंत्रे महागड्या प्रकारची: ताटासारखी चपटी, घरभर फिरून धूळ ओढणारी आणि काम झाले की आपल्या तळावर जाऊन पोटातली धूळ तिथल्या बंद पिशवीत आपोआप रिकामी करणारी. धूळ माणसाच्या हाताला लागत नाही, नाकात जात नाही. आम्हाला नेमके तेच हवे होते.

माझी पत्नी गोदावरी हिची फुफ्फुसे घट्ट होत चालली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी स्कॅनमधली पांढुरकी जाळी बोटाने दाखवली आणि म्हणाले, "हे मागे फिरत नाही. फार तर पुढे जाणे लांबवता येते. घरात धूळ नको." तिला तीन-चार शब्दांपलीकडे एका दमात बोलता येत नसे. वाक्य अर्ध्यावर सोडून ती दाराची चौकट धरी आणि माफी मागितल्यासारखी हसे. ते हसू मला पाहवत नसे.

मी तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेतलेला माणूस. सारी नोकरी पाटबंधाऱ्यांचे नकाशे काढण्यात गेली. तुलना करायची तर ती नीट व्हावी, म्हणून हॉल एका यंत्राला दिला आणि तेवढ्याच आकाराची खोली दुसऱ्याला. फरशीवर रवा, राख आणि कापूस सारख्या प्रमाणात पसरला. नंतर यंत्रांच्या जागा बदलल्या.

"सायेब, झाडाया दोन-दोन कासवं, अन् भांड्याला मी एकलीच व्हय?" कामाला येणारी केवळाबाई दारात उभी राहून म्हणाली. "एखादं भांडी घासणारं बी मागवा की."

"मागवतो. मग तुम्ही काय कराल?"

"मी बसंल खुर्चीत, अन् त्येच्यावर खेकसंल. सायेबावानी."

गोदावरी हसली. हसण्याचा खोकला झाला, आणि तो खोकला थांबेना. केवळाबाईने तिची पाठ चोळली. मी ऑक्सिजनची नळी आणली. त्यानंतर त्या दिवशी कोणी विनोद केला नाही.

यंत्र फिरताना थोडी तरी धूळ उडणारच. म्हणून ते गोदावरी घरात नसताना चालावे, असे मी ठरवले. दोन्ही यंत्रांत तशी सोय होती. माझा मोबाइल फाटकाबाहेर गेला की यंत्र आपोआप सुरू होई. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही रोज सकाळी कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत सावकाश चालत जात असू आणि पारावर बसून परत येत असू. तेवढ्या वेळात घर स्वच्छ होई.

पहिल्याच दिवशी फाटक लावताना तिने आतली घरघर ऐकली.

"आपल्या मागं... झाडायलंय व्हय ते?"

"हो. त्याचसाठी तर आहे ते."

"माणूस भायेर पडलं की... लगीच मागं झाडू न्हाई."

"का बरं?"

"मग ते... माघारी येत न्हाई."

मी म्हणालो, "आपण तर रोज माघारी येणार आहोत." पारावर बसेपर्यंत तिने दोनदा मागे वळून पाहिले.

आठवड्याने मी दोन्ही पिशव्या वर्तमानपत्रावर उघडल्या. काळ्या यंत्राच्या पिशवीत अपेक्षित तेच होते: केस, कपड्यांचे तंतू, रस्त्यावरून येणारी काळी बारीक धूळ. राखी यंत्राच्या पिशवीतही ते होते, पण तळाशी. वर माती होती. पांढुरकी, हाताला मऊ, चिमटीत धरली की गोळा होणारी, आणि तिच्यात गवताच्या काडीचे कुजके तुकडे.

आमचे घर सिमेंटचे, फरशी गुळगुळीत, खिडक्यांच्या फटी मी स्वतः पट्ट्या लावून बुजवलेल्या. मी यंत्रांच्या खोल्या बदलल्या, मग पिशव्या बदलल्या. राखी यंत्राची चाके, ब्रश, गाळणी, सारे सुटे करून धुतले आणि वाळवून पुन्हा जोडले. दुसऱ्या दिवशी पिशवीत पुन्हा तीच माती होती, आदल्या दिवसापेक्षा जास्त.

मी पिशवी गुंडाळणार एवढ्यात गोदावरी मागे येऊन उभी राहिली. मी अडवण्यापूर्वीच तिने चिमूट उचलून नाकाशी नेली.

"पांढरीची हाय," ती म्हणाली. "आमच्या... माळवदाची."

गाव ज्या जमिनीवर वसते तिला आमच्याकडे पांढरी म्हणतात. जुन्या घरांना छत म्हणून लाकडी तुळयांवर त्याच मातीचा जाड थर असे. ते माळवद. गोदावरीचे माहेर निलंग्याच्या बाजूचे. त्र्याण्णवच्या भूकंपात पहाटे ते माळवद झोपलेल्या घरावर बसले. तिला लोकांनी मातीतून ओढून काढले. आई-वडील आणि आजोबा गेले. धाकटी बहीण अंबिका सापडलीच नाही. आमचे लग्न त्यानंतरचे, तिच्या मामाने नांदेडहून लावून दिलेले. ते घर किंवा ते गाव मी कधी पाहिले नाही.

संसारात मी तिची एकच सवय न चुकता पाहिली. भाकरी झाल्या की उरल्या पिठाची लहान पोरांसाठी करतात तशी चिमुकली भाकरी, चानकी, ती थापे आणि कुंपणाच्या भिंतीवर नेऊन ठेवी. "अंबीची," एवढेच म्हणे. पाखरे खात. खोकल्याने उभे राहवत नसे तेव्हाही ती स्टुलावर बसून चानकी करी.

पुढच्या तपासणीला आम्ही अहमदपूर-लोह्यामार्गे नांदेडला गेलो. डॉक्टरांनी नवा स्कॅन पाहिला, जुना पाहिला आणि पुन्हा स्कॅन करायला लावला. जाळी विरळ झाली होती.

"असे होत नाही," ते म्हणाले. "काय बदललेत?"

"घरात धूळ नाही," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी काळे यंत्र खोक्यात घालून परत पाठवले. तुलना संपली होती.

यंत्र घराचा नकाशा आखते आणि तो मोबाइलवर दिसतो. झाडून झालेला भाग त्यात निळा होतो. आरंभी दोन्ही यंत्रांचे नकाशे सारखे आणि बिनचूक होते. आता एकटे राहिलेले राखी यंत्र आमच्या घराच्या भिंती जाड दाखवू लागले. आमची भिंत वीतभर आहे. नकाशातली दीड हात भरत होती. एवढ्या जाड भिंती दगडमातीच्याच असतात. मग दक्षिणेला, जिथे शेजारचा रिकामा भूखंड आहे, तिथे नकाशात खोल्या उमटल्या. आमच्या घराला त्या बाजूने दारच नाही.

मी मोबाइल गोदावरीपुढे धरला. तिने चष्मा लावला. तिचे बोट नकाशावरून फिरले.

"ही ढाळज... आजा बसायचा हितं, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत. हे देवघर. अन् ही भितीतली बळद... जवारीची. अंबी निजायची हितंच." तिने वर पाहिले. "हे तुम्ही कुठनं आणलंव?"

ती सहा-सात शब्द एका दमात बोलली होती, एवढेच माझ्या लक्षात आले.

दारातली ढाळज निळी झाली. देवघर निळे झाले. गोदावरी जिना चढून गच्चीवर वाळवण घालू लागली. ऑक्सिजनचे यंत्र मी चादर घालून कोपऱ्यात सरकवले. मृण्मयीचा फोन आला.

"बाबा, आई फोनवर गुणगुणत होती हो! मी इकडं रडायले, अन् ती विचारते, सर्दी झाली का गं."

"मृण्मयी," मी म्हणालो, "काल मी तिला ढाळजेबद्दल विचारलं. ती म्हणाली, कसली ढाळज? आजोबांचं नावही तिला सांगता आलं नाही."

"आईला श्वास येतोय ना, बाबा? मग राहू द्या की हो."

मीही तेच ठरवले होते.

नकाशात आता धान्याच्या बळदेजवळचा, आमच्या हॉलच्या भिंतीला लागूनचा एक कोपरा तेवढा पांढरा उरला होता. यंत्र रोज तिथवर जाई, थांबे आणि परत फिरे. मोबाइलवर येई: अडथळा आढळला. यंत्र अडथळ्याचे छायाचित्रही पाठवते. त्यात आमच्या हॉलचा कोपरा होता, मोकळी फरशी होती. मी गुडघ्यांवर बसून तिथे हात फिरवला. फरशी कोमट होती, कोणी नुकतेच बसून उठल्यासारखी.

स्कॅनमध्येही एकच ठिपका राहिला होता. "तेवढा राहिला तर पुन्हा पसरेल," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या सकाळी गोदावरीने चप्पल घातली नाही.

"मी येत न्हाई पाराला. अन् ते यंत्र बंद करा."

"आता थोडंच राहिलंय."

"आमच्या गावात गेलेल्याच्या मागं झाडाया कुणी राहिलंच नव्हतं. म्हणून ते हायेत. तुम्ही आता त्येंच्या मागं झाडायलाव. आय गेली, तिचा आवाज बी आठवना झालाय मला." तिने त्या कोपऱ्याकडे पाहिले. "अंबी तेवढी राहू द्या. तिच्यापायी खोकले मी. खोकंल की अजून."

तिने यंत्र उचलून पालथे घातले. मी ते सुलटे केले नाही. तिने त्या दिवशी चानकी केली, भिंतीवर ठेवली आणि संध्याकाळी पुन्हा खोकली. फारसे नाही. पण मी पलीकडच्या खोलीत तो आवाज ओळखला. मी तिचे ओठ निळे पडलेले पाहिले होते. तिला उशांच्या ढिगावर बसल्या बसल्या झोपलेले पाहिले होते. न सापडलेली एक मुलगी आणि गोदावरीचा श्वास यांतले काय ठेवायचे, याचा मला फार विचार करावा लागला नाही.

सकाळी ती पीठ मळत असताना मी यंत्र सुलटे करून तळावर ठेवले.

"औषध घेऊन येतो," मी म्हणालो.

"लवकर या. भाकरी गरम हाय तवर."

मी फाटक लावले. आत घरघर सुरू झाली. तिच्या हाका ऐकू येतील म्हणून मी चालण्याचा वेग वाढवला. पण तिने हाक मारली नाही.

औषधाच्या दुकानात मोबाइल थरथरला.

अडथळा दूर झाला. सफाई पूर्ण.

मी तिथेच नकाशा उघडला. दक्षिणेकडच्या खोल्या नव्हत्या. भिंती वीतभर होत्या. बळदेजवळचा कोपरा निळा होता. सारे घर निळे होते.

खिडकीपाशी माझी खुर्ची असते. नकाशात तिचे चार पाय नेहमी चार ठिपक्यांसारखे दिसत. आज ते ठिपके नव्हते. तिथे मोकळी, झाडलेली फरशी होती.

मी घरी आलो. फाटकापर्यंत भाजक्या भाकरीचा वास येत होता. यंत्र तळावर पोट रिकामे करत होते. तो मोठा आवाज झाला आणि थांबला.

खुर्ची खिडकीपाशीच होती.

गोदावरी स्वयंपाकघरातून आली. तिचा चेहरा टवटवीत होता. मला पाहून तिने पदर डोक्यावरून नीट घेतला. परक्यासमोर घेते तसा.

ओट्यावर वाटीखाली झाकलेली एक चानकी होती.

"अंबीची?" मी विचारले.

"अंबी कोण? न्हाई हो, आमच्या ह्यांची हाय," ती म्हणाली. "बसा की तुम्ही, हे औषध आणाया म्हणून भायेर गेलेत, कधी येतेत ते काय सांगून गेले न्हाईत, अन् माझ्या मनाला उगीच वाटायलंय की ते आता यायचे न्हाईत, तवा तुम्ही लांबनं आल्यावानी दिसताव तर ही चानकी तुम्हीच खावा, गरम हाय तवर."

एवढे सारे ती एका दमात बोलली. मध्ये कुठे थांबली नाही.