सगळ्या शस्त्रक्रिया सकाळी दहा वाजता

डॉ. उर्मी वाघचौरेने डोक्यावरची टोपी काढली तेव्हा तिचा प्रबंध लिहून झाला होता. ती जेमतेम चाळीस मिनिटं झोपली होती, तीही चादरींच्या कपाटाला टेकून.

निद्राशोधक टोपी येऊन दोन वर्षं झाली होती. सर्जरीच्या निवासी डॉक्टरांना संशोधनाला वेळ मिळत नाही, अशी तक्रार विद्यापीठाकडे गेली होती. विद्यापीठाने समिती नेमली. समितीने वेळ शोधून काढला : तो झोपेत होता. झोपलेला मेंदू तसाही दिवसभराच्या आठवणी लावत बसतो. टोपी त्याच्यापुढे रुग्णांची माहितीही टाकायची, आणि जाग येईपर्यंत तक्ते तयार. मुळात झोपच मिळत नाही, अशी दुसरी तक्रार गेली. तिची समिती अजून बसायची होती.

उर्मीचा विषय होता हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर चिघळणाऱ्या जखमा. आज पाचपर्यंत प्रबंध दिला नाही तर परीक्षा सहा महिने पुढे. तिने शेवटचं पान वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

एकूण जखमा शंभर. चिघळल्या अकरा. त्यांतल्या नऊ, शिवणारी डॉक्टर तीस तासांहून जास्त जागी असताना शिवलेल्या.

शिवणारी डॉक्टर म्हणजे ती स्वतः.

"हे तास कुठून आणलेस?" विभागप्रमुख धारूरकर सरांनी विचारलं.

"टोपीने आणले, सर. माझ्या आठवणीतून."

"केसपेपरवर काय आहे?"

केसपेपरवर शंभरच्या शंभर शस्त्रक्रिया सकाळी दहाला झाल्या होत्या. विभागाची पद्धतच तशी. नोंदी रविवारी एकदम लिहायच्या आणि वेळेच्या रकान्यात दहा टाकायचे. एका मंगळवारी तर एकाच टेबलावर, एकाच वेळी, सात माणसं होती.

"मग कागदाप्रमाणे जा. सगळे दहाचे, म्हणजे फरक नाही. फरक नाही, म्हणजे हे पान नाही."

"पण सर, ती नऊ माणसं..."

"बरी झाली ना?"

"आठ झाली, सर."

सर पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. "आम्हीही असेच शिकलो गं," ते म्हणाले. त्यांचा आवाजही दमलेला होता. "पान काढ, सही करतो. आणि शोधनिबंध पाठवशील त्यात माझं नाव पहिलं आहे ना?"

"झोपेतसुद्धा पहिलंच टाकलंय, सर."

ती बाहेर आली तेव्हा पान तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात होतं. दारात तिचा सहकारी इरफान मुलाणी उभा होता. "उर्मे, टेबल तयार आहे. लोंढेकाका, हर्निया. संमतीपत्र तेवढं घे."

भगवान लोंढे साखर कारखान्यात पोती उचलायचे. अंगठ्याला शाई लावून घेता घेता त्यांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"डॉक्टरीणबाई, झोप झाली का तुमची?"

जेवलात का विचारावं तसं विचारलं होतं. अशा वेळी 'हो हो' म्हणायचं असतं.

"एकतीस तास जागी आहे, काका. मधली चाळीस मिनिटं सोडून."

लोंढेकाकांनी अंगठा मागे घेतला. "आमच्याकडं बारा तासांनंतर मशीनच्या पट्ट्याजवळ उभं करत नाहीत," ते म्हणाले. "आज नाही केलं तर मरतो का मी?"

"नाही. उद्या चालेल."

तिने संमतीपत्रावर वेळ लिहिली : अकरा वीस. तीन वर्षांत पहिल्यांदाच दहा सोडून दुसरी वेळ लिहिली होती. खाली आणखी एक ओळ : डॉक्टर जागी, एकतीस तास. मग खिशातलं पान काढून प्रबंधात होतं तिथे परत लावलं.

"सर सही करणार नाहीत," इरफान हळूच म्हणाला. "सहा महिने करशील काय?"

"झोपेन."

लोंढेकाका बोटांवर हिशेब करत होते. भिंतीवरच्या ड्युटीच्या तक्त्यात उर्मीचं नाव आज होतं, उद्याही होतं. त्यांनी तो इरफानकडून नीट वाचून घेतला.

"बरं, मग उद्या करू. पण बाई, उद्या तुम्ही किती तासांच्या असाल?"