ठोसरांच्या कुंड्या

हळदीची जेवणं उरकली, डीजे थांबला आणि तुम्हाला काही झोप येत नाही, म्हणून सांगतो. भुताची गोष्ट सांगा म्हणालात. मला भुताखेतांतलं फारसं कळत नाही. मला आमच्या वसुंधरा सिस्टर माहीत आहेत. मी ज्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसायचो, तिथे त्या चौतीस वर्षं नर्स होत्या, आणि त्यातली निम्मी वर्षं रात्रपाळीची. वाढवून सांगण्याचा त्यांचा स्वभाव नाही. पेशंटचा ताप एकशे एक असला तर एकशे एकच लिहायच्या.

सिस्टरांनी लग्न केलं नाही. जुन्या पनवेलात भावाच्या घरी मागच्या खोलीत राहिल्या. भावाची मुलं वाढवली, आईचं अंथरुणातलं सगळं केलं. आणि गेल्या वर्षी रिटायर झाल्या त्याच आठवड्यात घरी सांगितलं, मी विचुंब्यात घर घेतलंय, दिवाळी झाली की जाते. भाऊ म्हणाला, साठाव्या वर्षी हे काय खूळ. वहिनी हसत म्हणाल्या, जाऊ द्या, महिन्याभरात परत येतील, मी खोली तशीच ठेवते. पण ते ‘परत येतील’ सिस्टरांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी एक छोटा हत्ती टेम्पो करून त्यांनी सामान हलवलं. सामान तरी किती? एक लोखंडी पलंग, एक कपाट, भांड्यांची दोन खोकी, गॅस, खुर्ची. विचुंब्यात मागच्या अंगाला अजून चार-पाच बैठी घरं उरली आहेत, बाकी सगळे टॉवर. त्यातलं हे शेवटचं. घर चांगलं होतं, दोन खोल्या, पुढे ओटा. पण ओट्यावर उभं राहिलं की फाटक दिसायचं नाही, एवढी झाडं.

ती झाडं ठोसरांची. दिगंबर ठोसर, शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. बायको आधीच गेली होती, मुलगा परदेशी. मास्तरांनी एकट्याने वीस वर्षं ती बाग वाढवली होती. बाग कसली, रानच ते. कुंडीला खेटून कुंडी, वर टांगलेल्या कुंड्या, डब्यात झाडं, फुटक्या बादलीत झाडं. दुपारी बारा वाजता घरात दिवा लावावा लागायचा. वर्षापूर्वी मास्तर त्याच झाडांत पडलेले सापडले. मुलाने घर विकलं, बागेसकट.

सिस्टरांनी पहिल्याच संध्याकाळी ठरवलं. गुडघे दुखतात, एवढी झाडं आपल्याच्याने होणार नाहीत, आणि करायचीही नाहीत. जन्मभर दुसऱ्यांनी मांडलेलं सांभाळलं. आता तुळस, कढीपत्ता आणि एक लिंबू. तीन झाडं, मोकळं अंगण आणि उन्हात एक खुर्ची. बस.

त्यांनी वाडीवरच्या बुधाला बोलावलं. बुधा कातकरी, अंगाने काटकुळा, पण हाताला उरक मोठा. त्याने माजलेलं ते सगळं जंगल छाटलं, वेली उतरवल्या. कुंड्या मात्र सिस्टरांनी टाकल्या नाहीत. जिवंत झाड टाकवत नाही. आळीत सांगितलं, हवी त्याने न्या. दोन दिवसांत सगळ्या कुंड्या गेल्या. शेजारच्या सत्यवतीकाकूंनी चार नेल्या. जाताना म्हणाल्या, “सिस्टर, एक बोलू? मास्तर कुनाला पान तोडू देत नव्हता. गेला तवा पन त्याच्या मुठीत माती व्हती. आमी बगितलीय.”

सिस्टर म्हणाल्या, माती धुतली की जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओट्यावर आल्या तर अंगणात एक कुंडी. शेवंतीची. सत्यवतीकाकूंनी नेलेल्यातली. त्यांना वाटलं, काकू घाबरल्या असतील, गुपचूप आणून ठेवली असेल. त्या कुंडी घेऊन गेल्या. काकूंनी ती बघितली आणि तशाच जिन्याकडे धावल्या. कुंडी रात्री त्यांच्या माडीवर होती. जिन्याला कुलूप होतं.

तिसऱ्या दिवशी दोन कुंड्या आल्या. चौथ्या दिवशी तीन.

आळीतली पोरं असतील म्हणून सिस्टरांनी फाटकाला साखळी घातली. सकाळी साखळी जशीच्या तशी आणि आत कुंड्या, आपापल्या जुन्या जागी. जमिनीवर पूर्वीच्या कुंड्यांचे गोल डाग होते ना, बरोबर त्या डागांवर. वर ओल्या. कुणीतरी पाणी घातलेलं.

सिस्टरांनी काय करावं? त्या रोज सकाळी चहा घेऊन झाला की कुंडी उचलायच्या आणि ज्याची त्याला नेऊन द्यायच्या. लोक घ्यायला कां-कू करू लागले, तर त्या सांगायच्या, मी दिलंय, तुमचं आहे. गुडघ्याला पट्टा बांधून ही बाई रोज आळीभर हिंडत होती. बुधाने सांगून टाकलं, “बाय, मी दिसाचा येन. रातचा नाय.” सत्यवतीकाकूंनी नारळ फोडून घ्यायला सुचवलं. तिकडून भावाचा फोन आला, कुणीतरी कळवलं असणार. हट्ट पुरे, ये परत, वहिनीने खोली झाडून ठेवली आहे. ते ऐकलं आणि सिस्टरांचं ठरलं. म्हणाल्या, “दादा, मी इथेच मरेन एखाद दिवशी. पण पळून येणार नाही.”

तारीख सांगतो. तीन डिसेंबर, बुधवार. दत्तजयंतीची आदली रात्र. चंद्र जवळजवळ पूर्ण भरलेला. सिस्टरांनी खुर्ची ओट्यावर आणली, थर्मासमध्ये चहा भरला, चपला खुर्चीशी काढून पाय वर घेतले आणि अंगावर शाल ओढून बसल्या. रात्रपाळीला बसायच्या तशाच. अंगण समोर मोकळं, चांदण्यात पांढरं. तीन कोवळी झाडं कडेला. त्यांना ते अंगण फार आवडलं होतं. इतकं मोकळं त्यांचं असं आयुष्यात काही नव्हतं.

बारा वाजले. एक वाजला. टॉवरांतले दिवे विझले. हायवेचा आवाज तेवढा लांबून येत होता. दोन वाजता त्यांनी शेवटचा चहा ओतला.

दोन चाळीसला कुत्री गप्प झाली.

सिस्टर सांगायच्या, वॉर्डात कुणी जायचं असलं की आधी अशी शांतता होते. त्यांना ती ओळखीची होती. त्यांनी कप खाली ठेवला.

ओल्या मातीचा वास आला. अंगण तर कोरडं होतं.

फाटकाची साखळी वाजली नाही. फाटक उघडलं नाही. पण फाटकाच्या अलीकडे… कुणीतरी होतं. बनियन, दुमडलेला लेंगा. खांद्यावर कुंडी. पानांनी चेहरा झाकलेला. सावकाश चालत होतं. म्हाताऱ्या माणसाचं चालणं, एक पाय किंचित ओढत. पावलांचा आवाज नाही.

ते अंगणाच्या मधोमध आलं. वाकलं. कुंडी खाली ठेवली. मग दोन्ही हातांनी जराशी फिरवली. पान उजेडाकडे यावं म्हणून आपण फिरवतो ना… तशी.

सिस्टर बसल्या जागेवरूनच बोलल्या. वॉर्डात बोलायच्या त्याच आवाजात.

“ठोसर, ते उचला.”

ते थांबलं. वाकलेलंच.

“तुम्ही आणा, मी नेईन. तुम्ही रोज आणा, मी रोज नेईन. मला घाई नाही. चौतीस वर्षं जागलेय मी. बघू कोण आधी दमतं.”

आता हायवेसुद्धा ऐकू येईना.

मग ते सरळ झालं. वळलं. चेहऱ्यावर आता पानं नव्हती, पण चंद्र मागे होता… चेहरा काळोखातच राहिला. ते ओट्याकडे निघालं.

पहिली पायरी.

दुसरी.

सिस्टर उठल्या नाहीत. उठले असते तर पळाले असते, असं त्या म्हणतात. खुर्चीचे हात धरून बसून राहिल्या. ते समोर येऊन उभं राहिलं. हातभर अंतरावर. वास इतका दाट की श्वास घेववेना. आणि त्याचा उजवा हात… पुढे आला. मूठ मिटलेली.

आता तुम्ही आम्ही काय केलं असतं, सांगायला नको. सिस्टरांनी काय केलं? त्यांनी ते मनगट धरलं. दोन बोटं ठेवली. नाडीवर.

सवय, त्या म्हणतात. दुसरं काही सुचलंच नाही.

मनगट थंड होतं. वर्षानुवर्षं एका जागी असलेली कुंडी उचलली की खालची जमीन लागते, तसं. ओलसर. मऊ. सिस्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली. उघड्या दारातून, आतल्या झिरोच्या दिव्यात ते दिसत होतं. सेकंदाचा काटा फिरू लागला. त्यांनी पूर्ण एक मिनिट मोजलं. साठ सेकंद, पोरांनो. आपलाच हात सुटू नये म्हणून त्यांनी दात आवळले होते. त्याने हात ओढून घेतला नाही. उभं राहिलं. पेशंट उभा राहतो तसं.

मिनिट झालं. सिस्टरांनी हात सोडला.

“नाडी नाही, ठोसर,” त्या म्हणाल्या. “झाडं लोकांच्या घरी नीट आहेत. मी रोज जाऊन बघते. तुमची ड्युटी संपली. आता हे अंगण माझं.”

मग एक आवाज आला. श्वास सोडल्यासारखा… किंवा सुक्या कुंडीत पाणी मुरतं, तसा.

आणि समोर कुणी नव्हतं. हायवे ऐकू येऊ लागला. कुठेतरी कुत्रं भुंकलं.

सिस्टर बराच वेळ तशाच बसून होत्या. शेवटी आत जावं म्हणून त्यांनी पाय खाली सोडले. चपला नव्हत्या. ओट्यावर नाहीत, पायरीवर नाहीत, अंगणातही नाहीत. त्या अनवाणी आत गेल्या, दार लावलं आणि, त्यांनाच नवल वाटतं, गाढ झोपल्या.

सकाळी त्या रात्रीची कुंडी त्यांनी उचलली आणि कोपऱ्यावरच्या घरी नेऊन दिली. शब्द दिला होता. त्यानंतर एकही कुंडी परत आली नाही. आजपर्यंत नाही. सिस्टर तिथेच राहतात. कलमी लिंबाला फळ धरलंय. वहिनी मध्यंतरी चार दिवस राहून गेल्या आणि जाताना लिंबं घेऊन गेल्या.

पण त्या सकाळचं एक राहिलं.

आठच्या सुमाराला बुधा धावत आला. वाडीवरून येताना त्याची वाट नदीकाठच्या स्मशानावरून जाते. म्हणाला, “बाय, तुज्या चपला तिकडं हायत.” सत्यवतीकाकूंनी सांगितलं, आता त्या आपल्या म्हणू नका, नदीत सोडून द्या. सिस्टरांनी ऐकलं नाही. मला फोन करून बोलावलं. कुणीतरी सोबत बघायला हवं, म्हणाल्या. आम्ही दोघं गेलो, त्या अनवाणी. मास्तरांना जिथे जाळलं, त्या चौथऱ्याच्या पायरीवर चपला जोडीने ठेवल्या होत्या. सिस्टरांनी त्या झटकल्या, पायात घातल्या आणि मागे वळल्या. स्मशानात अनवाणी जाऊन चपला घालून परत येणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

येताना मला ते दिसलं. आळीपासून नदीपर्यंतचा रस्ता पाण्याच्या पाइपासाठी खणला होता. वर भुसभुशीत माती पसरलेली. त्या मातीत त्याच चपलांचे ठसे होते. सिस्टरांच्या फाटकापासून स्मशानापर्यंत, फक्त जाणारे. ते मी समजू शकतो.

पण ठसे खोल होते. टाचा चार-चार बोटं रुतलेल्या. मी शेजारी पाय दाबून बघितला, माझा एवढा जात नव्हता. पाठीवर काहीतरी फार जड घेऊन कुणी चाललं असेल, तसे.

एवढं जड काय नेलं ते बघायला आम्ही परत येऊन घर तपासलं. कपाट, पलंग, गॅस, भांड्यांची खोकी. अंगणातली तिन्ही झाडं. सगळं जागच्या जागी होतं.

काहीही कमी नव्हतं.