संकल्पातला पत्ता

बसा. लाइट आठशिवाय येणार नाहीत, आणि तुम्ही विचारलंच आहे तर सांगते. या सोसायटीत नवीन राहायला येणारा प्रत्येक जण मला हेच विचारतो, नवरा कॅनडात, मग तुम्ही मुलीला घेऊन अजून पंचवटीत कशा? मी म्हणते, सासऱ्यांचं बघावं लागतं. ते खोटं नाही. आतल्या खोलीत खुर्चीवर बसलेत ना, तेच माझे सासरे, वेणीमाधव. नाना म्हणतो आम्ही त्यांना. बिचकू नका, ते बोलत नाहीत. मेणबत्ती जरा इकडे सरकवा.

एप्रिल दोन हजार सहाची गोष्ट. मी दिंडोरी नाक्यावरच्या सायबर कॅफेत प्रिंट काढायला गेले होते. आल्हाद, माझा नवरा, फेब्रुवारीतच विनिपेगला नोकरीवर हजर झाला होता. मी आणि पाच वर्षांची चिऊ जूनमध्ये जाणार होतो. राहायचं कुठल्या वस्तीत, ते ठरायचं होतं. त्यानं तीन घरांचे नकाशे आणि फोटो मेलवर पाठवले होते. एक गावाच्या मध्यावर, नवव्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली बसथांबा, कोपऱ्यावर ग्रंथालय, त्याच इमारतीत दोन मराठी बिऱ्हाडं. दुसरं नदीकाठच्या जुन्या, शांत वस्तीतलं स्वतंत्र घर, मागे अंगण, आसपास बस नाही. तिसरं गावाबाहेर, ते कुणालाच नको होतं.

मला पहिलं हवं होतं. मी शाळेत शिकवणारी बाई, मला गाडी चालवता येत नाही, आणि बर्फात तर कधीच आली नसती. बस नसलेल्या वस्तीत मी दिवसभर काय करणार, खिडकीत बसणार? हे मी आल्हादला तीन मेलमध्ये लिहिलं. शिवाय फोनवरही सांगितलं.

प्रिंट घरी आणले, तर नानांनी चष्मा लावून नदीकाठच्या घरावर बोट ठेवलं. "दार पूर्वेला, उत्तरेला पाणी. ब्राह्मणाला आणखी काय पाहिजे?"

"नाना, राहायचं मला आहे."

"म्हणूनच सांगतोय, सूनबाई."

नाना तीर्थोपाध्याय. पन्नास वर्षं रामकुंडावर लोकांची श्राद्धं, शांती करत आलेले. आयुष्यात कधी मुंबईच्या पलीकडे गेले नाहीत, पण कॅनडातली वस्ती पंचवटीत बसून ठरवली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आणि माझा नवरा, कॉम्प्युटर इंजिनिअर, वडिलांच्या एका फोनवर त्यानं वर्षाच्या करारावर सही केली. मला नंतर कळवलं! अजून आठवलं की कानशिलं तापतात माझी. भुताची गोष्ट सांगायला बसले आहे मी, पण मला राग भुताचा नाही.

पंधरा दिवसांत आल्हादचा आवाज बदलला. जेवायच्या टेबलाची एक खुर्ची, तो म्हणाला, संध्याकाळी ऑफिसातून यावं तर खिडकीपाशी गेलेली असते, नदीकडे तोंड करून. खाली लाकडी फरशीवर ओल. शेजारच्या बाईनं मग त्याला सांगितलं. त्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. मुलांनी तिला दुसरीकडे हलवायचं ठरवलं होतं, ती हटून बसली, मी माझं घर सोडणार नाही. ऐन जानेवारीत घर गरम ठेवणारी शेगडी बंद पडली, आणि चार दिवसांनी कुणी दार उघडलं तेव्हा ती खिडकीपाशीच बसलेली होती.

"सोड ते घर," मी म्हटलं.

"अगं, करार आहे वर्षाचा. नाना म्हणतात, ते इथूनच शांत करतील."

आणि नानांनी केलं. हॉलमध्ये पाट मांडला, पाटावर त्या घराच्या नकाशाचा प्रिंट, त्यावर तांदूळ, सुपारी, कलश. मुलगा परदेशी, तेव्हा यजमान तेच आणि गुरुजीही तेच. मी बाजूला पळी-पंचपात्र घेऊन बसले, मुकाट्यानं. तुम्हाला माहीत असेल, कुठल्याही कार्याच्या आधी संकल्प सोडतात. आज कोणती तिथी, मी कोण, कुठे बसून हे करतोय, सगळं म्हणायचं. देवाला पत्ताच द्यायचा म्हणा ना. नानांनी डोळे मिटले, हातावर पाणी घेतलं, आणि पन्नास वर्षांच्या सवयीनं तोंडातून आलं, गोदावरीच्या उत्तर तीरावर, पंचवटी क्षेत्री. त्या घराचं नाव नाही, गावाचं नाही. पाणी ताम्हनात सोडलं.

"नाना," मी म्हटलं, "पत्ता..."

त्यांनी डोळे न उघडता हात वर केला. गप्प. मंत्र चालू असताना बायकांनी बोलायचं नसतं. मग दहीभाताचा बळी ठेवून त्यांनी म्हटलं, या स्थानी जे कोणी असेल त्यानं इथे यावं, हे घ्यावं, आणि शांत राहावं. मला तेवढं संस्कृत येतं. कुठलं स्थान ते आधीच सांगून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आल्हादचा फोन आला. काय आनंद! खुर्ची हलली नाही, ओल नाही, घर एकदम मोकळं वाटतंय. "बघ, नानांचं सामर्थ्य," म्हणाला. मी फोन ठेवला, आणि मला हॉलमध्ये वास आला. ओल्या लोकरीचा. आमच्या घरात तेव्हा लोकरीचं काही नव्हतं हो, एप्रिल होता, बाहेर डांबर वितळत होतं.

कलाबाई रोज सकाळी फुलं द्यायची, मखमलाबादहून. झेंडू, मोगरा, तुळस, असं सगळं परडीत घालून दाराच्या आत ठेवायची. तिसऱ्या दिवशी ती परडी घ्यायला आली आणि तिथेच उभी राहिली.

"ताई, फुलं कुठं ठिवली होती? फ्रिजात?"

"नाही गं, इथेच. दारात."

तिनं झेंडू बोटांत चुरला. काळा, लिबलिबीत. "हे थंडीनं करपलंय. निफाडकडं पारा लय उतरला का द्राक्षाची पानं अशी व्हत्यात. पण ह्या उन्हात..." तिनं माझ्या खांद्यावरून आत बघितलं. हळूच म्हणाली, "तुमच्याकडं पाव्हण्या आल्यात का कुणी?"

"नाही. का?"

"नाय, खिडकीत बसल्यावानी..." तिनं घाईनं परडी घेतली आणि गेली. परत आली नाही ती, आता तिची सून येते, तीसुद्धा खालीच फुलं ठेवून जाते.

मी नानांना सांगितलं. त्या दिवशीच सांगितलं. "नाना, संकल्पात आपला पत्ता म्हणालात तुम्ही. पुन्हा करा, नीट करा."

ते इतके चिडले की हातातली वाटी आपटली. "पन्नास वर्षांत माझा संकल्प चुकलेला नाही. काल आलेल्या पोरीनं मला शिकवायचं?" काल आलेली! आठ वर्षं झाली होती लग्नाला. एक चूक कबूल केली असती तर काय आकाश कोसळलं असतं? पण नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

मग ती दुपार आली. दोनला लाइट गेले. चिऊ शाळेत होती. नाना जेवून आतल्या खोलीत झोपले होते. पंखा थांबला, आणि गरम व्हायच्या ऐवजी माझ्या हातांवर काटा आला. वास वाढला. हॉलमध्ये आले तर जेवणाची खुर्ची खिडकीपाशी होती. तिची वेताची बैठक मधोमध दबलेली... आणि पाठीच्या वर, वीतभर, हवेत वाफ येत होती. थांबून थांबून. थंडीत माणूस श्वास सोडतं तशी.

खिडकीची काच आतून धुरकटली होती. माझ्या डोळ्यांदेखत तिच्यावर एक गोल पुसला गेला, तळहाताएवढा. बाहेर बघण्यासाठी. बाहेर काय, शेजारच्या इमारतीची टाकी आणि मागे चामरलेण्याचा डोंगर. गोल आणखी मोठा पुसला गेला. मग आणखी. घाईघाईनं.

खरं सांगते, मला भीती वाटली. पण त्याहून मोठं काहीतरी मला कळलं. ती नदी शोधत होती तिची. मरणाच्या दारात बसून जिनं घर सोडलं नाही, तिला या माणसांनी उचलून परक्या देशात आणून टाकलं, एका शब्दानं विचारलं नाही. माझंही तेच चाललं होतं. फक्त माझ्याकडे पासपोर्ट होता.

मी म्हटलं, मराठीतच, दुसरं काय सुचणार, "आजी... माझ्याकडे बघू नका. या घरात माझं कुणी ऐकत नाही. ज्यांनी तुम्हाला इथे आणलं, ते आत झोपलेत. त्यांना विचारा."

वाफ थांबली. खुर्ची सरकली. फरशीवर ओली पावलं उमटत गेली, लहान, अनवाणी, माझ्या पायांपासून हातभर अंतरावरून. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, ते उघडलं.

मी अडवलं नाही. पाच पावलांवर होते. हाक मारता आली असती. नाही मारली.

अर्ध्या तासानं हॉल पुन्हा तापला, वास गेला. चारला नाना उठले. मी चहा नेला. त्यांनी कप धरला, खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, "हे कुठलं गाव?" मला वाटलं झोपेत आहेत. दुसऱ्या दिवशी संध्येला बसले, पाणी हातावर घेतलं, आणि "तीरे" म्हणून थांबले. कुठल्या तीरावर, ते येईना. पाणी बोटांतून गळून गेलं. रामकुंडावर जन्म गेलेल्या माणसाला नदीचं नाव आठवेना. आठवड्याभरात बोलणंच बंद झालं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतोय. असेल.

मी आल्हादला सांगितलं, ते घर सोड, नाहीतर मी येत नाही. या वेळी त्यानं ऐकलं. नवव्या मजल्यावरच्या खोल्या घेतल्या, अगदी मला हव्या होत्या त्याच. आणि मग म्हणाला, "पण नानांचं कोण बघणार? तू आहेस ना." विचारलं नाही. म्हणाला. तिकिटं रद्दही त्यानंच केली. त्या खोल्यांत तो राहतो, आणि मी इथे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

नदीकाठचं घर तेव्हापासून रिकामं आहे. पण शेजारची ती बाई आल्हादला अधूनमधून फोन करते. पहिल्या हिवाळ्यात तिनं विचारलं, तुम्ही मागे कुणाला ठेवून गेलात? खिडकीत एक म्हातारा बसलेला असतो. उघडा, कमरेला नुसतं पांढरं वस्त्र, गळ्यात दोरा. नदीकडे बघत ओठ हलवत असतो, आणि ओंजळ पुढे धरतो, पाणी सोडावं तशी. आल्हादनं मला हे हसत सांगितलं. घाबरला की तो हसतो. त्या वेळी नाना माझ्यासमोर खुर्चीत होते, मी त्यांना मऊ भात भरवत होते.

उन्हाळ्यात ते बरे असतात. तिकडे बर्फ पडायला लागला की इथे यांची थरथर सुरू होते, नाशिकच्या थंडीच्या कितीतरी आधीपासून. दोन शाली, गोधडी, गरम पाण्याची पिशवी, कशानं थांबत नाही.

तुम्ही म्हणाल, दुसरे गुरुजी बोलवा, नीट पत्ता म्हणून परत आणा. येईल करता. पाटसुद्धा आहे घरात. मी मनाशी म्हणते, आधी विचारायला नको का त्यांना, कुठे राहायचंय ते? मग रोज सकाळी विचारते. ते उत्तर देत नाहीत. मी दोन वर्षं थांबले आहे.

गेल्या महिन्यात त्या बाईला राहवलं नाही. नवऱ्याचा जुना कोट तिनं त्या रिकाम्या घराच्या पायरीवर ठेवला. सकाळी पायरीवर फक्त बर्फ होता, त्यावर पाऊल एकही नाही. आल्हादनं तारीख सांगितली, म्हणून मी ती नीट लक्षात ठेवली आहे. त्याच दिवसापासून नानांची थरथर थांबली.

परवा त्यांचं अंग पुसायला शाल काढली. उघड्या मानेभोवती लाल वळ होता, जाड कॉलर दिवसभर घासली की उठतो तसा.